धुळीचा जमा-खर्च : गावात बसून एका तेजोमेघाचा अतिनील आणि अवरक्त अभ्यास

जानेवारीत हरभऱ्याच्या वावरात रोही आणि रानडुकरं हाकलायला जागलीवर जाणाऱ्याला मृग नक्षत्र कुठं असतं हे सांगावं लागत नाही. महिनाअखेरीला रात्री साडेनऊच्या सुमारास मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते ओळीतले तीन तारे, दक्षिणेला चांगले उंच येतात. त्यांतला सगळ्यांत पूर्वेकडचा तारा अल्निटाक. मृग उगवताना तो तिघांत खाली असतो. अल्निटाकपासून पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर एनजीसी 2023 नावाचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा उजळलेला ढग, आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या बायनॉक्युलरमध्येही हाती लागत नाही. शेजारचा अश्वमुख तेजोमेघ प्रसिद्ध, हा मात्र दुर्लक्षित. पण आंतरतारकीय धूळ शिकायला मला याच्याइतकं सोयीचं दुसरं ठिकाण माहीत नाही. आत एकच ठळक तारा, भोवती धूळ, आणि दोन्हींच्या नोंदी फुकट उपलब्ध.

धुळीचा अभ्यास म्हणजे ऊर्जेचा जमा-खर्च. ताऱ्याचा अतिनील प्रकाश धूळ गिळते, ती तिची जमा. तापून अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, जे परत टाकते, तो खर्च. एकच बाजू पाहून केलेला अभ्यास अर्धा राहतो. इंटरनेटवर बहुतेक लोक अवरक्तातली रंगीत चित्रं डाउनलोड करून थांबतात. खाली दोन्ही बाजू एकाच मेघावर कशा मांडायच्या ते सांगतो.

गावात बसून हे जमेल का?

जमतं, कारण या कामात शहरवाल्यालाही जमिनीवरून काही दिसत नाही. सुमारे 300 नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश ओझोन अडवतो. अवरक्तातला मोठा भाग हवेतली वाफ खाते, आणि उरलेल्या खिडक्यांत दुर्बीण स्वतःच चमकत असते. एखाद्या वस्तूचा उजेड कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असतो हे काढायचं सूत्र सोपं आहे : 2898 ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर). हेच वीनचं सूत्र. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश तापलेलं टिनाचं छप्पर म्हणजे 318 केल्विन, म्हणजे 9.1 मायक्रॉन. धुळीतल्या सिलिकेटची खूण 9.7 मायक्रॉनला असते. छपराच्या त्या झगमगाटात ती कुठून सापडणार? म्हणून जेम्स वेब दुर्बिणीतलं मिरी हे उपकरण 7 केल्विनच्या खाली थंड ठेवतात. थोडक्यात, काम अवकाशातल्या दुर्बिणींनी करून ठेवलं आहे, निरीक्षणं खुल्या संग्रहात आहेत, आणि ती उघडायला नागपूर-पुण्याचा पत्ता लागत नाही.

सामान म्हणजे एक जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि एक वही. अलाडिन लाइट हा आकाशाचा नकाशा ब्राउझरमध्ये चालतो, मोबाइलवरही. फिट्स प्रकारच्या फाइली उघडायला डीएस9 हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, जुन्या मशिनवरही धावतं. गणितासाठी पायथन आणि त्यातलं ॲस्ट्रोपाय; लॅपटॉप दमला तर गूगल कोलॅबवर चालवा, मग मोजणी तिकडच्या मशिनवर होते आणि तुमचा डेटा फारसा जळत नाही. हर्शेल दुर्बिणीचे पूर्ण नकाशे शेकडो एमबीचे असतात, रोजच्या दीड-दोन जीबीत ते उतरवत बसू नका. आयआरएसए या संग्रहात कटआउटची सोय आहे : एनजीसी 2023 नाव टाका, 15 कलांचा चौकोन मागा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), काही एमबीत काम भागतं. वीज कधी असते हे बघून उतरवण्याची वेळ ठरवा, हे तुम्हाला सांगायला नको.

आधी नुसतं बघा

अलाडिन लाइटमध्ये एनजीसी 2023 उघडा आणि एकाच जागेवर थर बदलत जा. थर म्हणजे वेगवेगळ्या दुर्बिणींनी टिपलेलं तेच आकाश; डीएसएस, टूमास, वाइज ही त्या सर्वेक्षणांची नावं. दृश्य प्रकाशाच्या डीएसएस थरात निळसर ढग दिसेल. तो निळा आहे कारण धूळ निळा प्रकाश जास्त उडवते. इथे वायू स्वतः फारसा पेटलेला नाही, ताऱ्याचाच उजेड धुळीवरून परततो आहे. 2 मायक्रॉनच्या टूमास थरात ढगाआड दडलेले तारे बाहेर येतात. वाइजच्या 12 आणि 22 मायक्रॉनला ढगच पेटल्यासारखा होतो. हर्शेलच्या 250 मायक्रॉनला तारा नाहीसा होतो आणि मागचा थंड ढग दिसू लागतो. प्रत्येक थरात सर्वांत तेजस्वी जागा ताऱ्यापासून किती विकला दूर आणि कोणत्या दिशेला आहे, हे वहीत लिहा. जसजशी तरंगलांबी वाढते तसतशी ती जागा सरकते. पुढे तापमान काढताना हे टिपण कामी येतं.

जमेची बाजू : अतिनील

अतिनीलमध्ये तेजोमेघाचं चित्र शोधायची घाई नको. गॅलेक्स या उपग्रहाने (2003 ते 2013) आकाशाचा मोठा भाग टिपला, पण तीव्र प्रकाशाने संवेदक खराब होण्याची भीती असल्यामुळे तेजस्वी ताऱ्यांचे आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातले बरेच भाग त्याने टाळले. अल्निटाकसारखा तारा शेजारी असताना इथं त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यापेक्षा मेघातल्या ताऱ्याचा वर्णपट घ्या. या मेघाला उजळणारा तारा एचडी 37903. त्याचा वर्ग (वर्णपटावरून ठरणारा ताऱ्याचा प्रकार) बी1.5, तापमान बावीस-तेवीस हजार केल्विन, त्यामुळे त्याचा प्रकाश मुळातच अतिनीलमध्ये एकवटलेला. तो धुळीतून गाळून आपल्याकडे येतो, आणि काय गाळलं गेलं तेच आपल्याला हवं आहे.

हा वर्णपट आययूई उपग्रहाकडून मिळतो. तो जानेवारी 1978 मध्ये सुटला आणि 1996 पर्यंत चालला. त्याच्या नोंदी मास्ट या संग्रहात आहेत. ताऱ्याचं नाव टाकल्यावर यादी येते, त्यात दोन तुकडे निवडायचे : एसडब्ल्यूपी कॅमेऱ्याचा (साधारण 115 ते 200 नॅनोमीटर) आणि एलडब्ल्यूपी किंवा एलडब्ल्यूआरचा (185 ते 330). दोन्ही कमी विभेदनाचे (बारीक तपशील न दाखवणारे) आणि मोठ्या छिद्रातून घेतलेले हवेत. लहान छिद्रात ताऱ्याचा काही प्रकाश बाहेरच राहतो, किती ते नक्की कळत नाही, आणि हिशेब तिथंच फसतो. सोबत गुणवत्तेचा रकाना असतो, त्यात खूण केलेले बिंदू बिनदिक्कत काढून टाका.

आता तुलनेला त्याच वर्गाचा, पण धुळीविना दिसणारा दुसरा तारा लागतो. बी1 वर्गाचा एचडी 31726 चालतो. दुसरा शोधायचा असेल तर सिम्बाड या सूचीत वर्ग बघा आणि बी व व्ही प्रतींतला फरक बघा. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तारा जितका तेजस्वी तितका तो लहान; बी निळ्या गाळणीतली, व्ही हिरव्या-पिवळ्या. या वर्गाच्या ताऱ्याचा मूळ फरक सुमारे उणे 0.25 असतो. त्याच्या जवळपास असेल तर वाटेत धूळ नाही. एचडी 37903 ची व्ही प्रत 7.83 आणि बी-व्ही फरक 0.10. म्हणजे मूळच्या उणे 0.25 वरून तो 0.10 वर आला, 0.35 ने लाल झाला. या 0.35 ला रंगाधिक्य म्हणतात. वहीत चौकट करून लिहा, पुढं सगळीकडे लागतं.

दोन्ही वर्णपट एकाच तरंगलांबीच्या जाळीवर आणा, म्हणजे प्रत्येक नॅनोमीटरला दोघांची एकेक किंमत. मग प्रत्येक ठिकाणी :

1. दोन्ही प्रवाहांचा (त्या तरंगलांबीला येणाऱ्या प्रकाशाच्या मापाचा) दहाच्या पायाचा लघुगणक घेऊन उणे 2.5 ने गुणा, म्हणजे प्रत मिळते.
2. प्रत्येक ताऱ्याच्या या प्रतीतून त्याची व्ही प्रत वजा करा.
3. धुळीच्या ताऱ्याच्या उत्तरातून स्वच्छ ताऱ्याचं उत्तर वजा करा. एककांचे स्थिरांक इथं आपोआप कटतात.
4. आलेल्या आकड्याला रंगाधिक्यातल्या फरकाने भागा. एचडी 31726 चं थोडंसं रंगाधिक्य असतं, ते 0.35 मधून आधी वजा करायला विसरू नका.

आडव्या अक्षावर तरंगलांबी नको, तिचा व्यस्त घ्या, मायक्रॉनमध्ये. म्हणजे 217.5 नॅनोमीटर 4.6 वर येईल. तिथं आलेखाला फुगवटा दिसला की काम बरोबर चाललं आहे. हा फुगवटा टेड स्टेचर यांनी 1965 मध्ये अग्निबाणाने नेलेल्या उपकरणातून दाखवला. तो कार्बनच्या वलयांतून, ग्राफाइटसारख्या कणांतून किंवा पीएएच या मोठ्या कार्बनी रेणूंतून येतो असं बहुतेक जण धरून चालतात, पण नेमका कण अजून कुणी पकडलेला नाही. 155 नॅनोमीटरच्या आसपास टोकदार काटे दिसले तर घाबरू नका. ती कार्बनची रेषा. दोन्ही ताऱ्यांचा वर्ग तंतोतंत जुळत नाही एवढाच तिचा अर्थ. 140 ला सिलिकॉनची तशीच. 125 च्या खालचा भाग सरळ सोडून द्या.

आता आर-व्ही. धुळीमुळे ताऱ्याचा प्रकाश जेवढ्या प्रतींनी कमी होतो ते विलोपन. व्हीमधलं पूर्ण विलोपन भागिले रंगाधिक्य म्हणजे आर-व्ही. धुळीचे कण लहान की मोठे, ते यावरून कळतं. आकाशगंगेत सरासरी 3.1. दाट ढगात बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि आकडा वाढतो. काढायला सोपा उपाय : ताऱ्याची टूमासमधली के प्रत (2.2 मायक्रॉनची) घ्या, व्ही आणि के यांतला फरक मूळ फरकापेक्षा (बी1.5 साठी सुमारे उणे 0.7) किती वाढला ते काढा, त्याला 0.35 ने भागा आणि 1.1 ने गुणा. एचडी 37903 साठी 4 च्या आसपास आकडा येईल. मग दृश्य प्रकाशातलं विलोपन 4 गुणिले 0.35, म्हणजे 1.4 प्रती.

हे 1.4 प्रकाशाच्या भाषेत बदलून बघा, तेव्हाच त्यातली गंमत कळते. दृश्य प्रकाशाचा सुमारे 28 टक्के भाग आपल्यापर्यंत पोचतो. कार्डेली, क्लेटन आणि मॅथिस यांच्या 1989 च्या सूत्रात आर-व्ही 4 टाकलं तर 217.5 नॅनोमीटरला विलोपन साडेतीन प्रतींच्या घरात येतं, म्हणजे जेमतेम 4 टक्के प्रकाश सुटतो. आणि 2.2 मायक्रॉनला 85 टक्क्यांहून जास्त प्रकाश निघून येतो. धूळ तीच, वाट तीच. हे सूत्र पायथनच्या डस्ट एक्स्टिंक्शन या पॅकेजमध्ये तयार मिळतं. ते वापरा, पण तुमचा आलेख सूत्रावर जुळवण्यासाठी नव्हे, तर कुठं जुळत नाही ते पाहण्यासाठी. सूत्र सरासरीचं आहे. तुमच्या आलेखातलं वेगळेपण हे या मेघाचं.

खर्चाची बाजू : अवरक्त

इथं नवशिका हमखास एक चूक करतो. वाइजच्या 12 मायक्रॉनला मेघ झळाळताना दिसतो, लगेच वीनचं सूत्र लावून धूळ 240 केल्विनला तापली आहे असं तो लिहून टाकतो. हे खरं नाही. 12 मायक्रॉनचा उजेड मुख्यतः पीएएच रेणूंचा. पन्नासेक कार्बन अणूंच्या अशा रेणूवर अतिनील प्रकाशाचा एकच कण (फोटॉन) आदळला तरी तो क्षणभर हजार केल्विनच्या आसपास तापतो आणि 3.3, 6.2, 7.7, 8.6, 11.3 मायक्रॉनला प्रकाश टाकून पुन्हा थंडावतो. स्थिर तापमान असं त्याला नसतंच. या तेजोमेघासारख्या ठिकाणी ताऱ्यापासून दूरही जवळच्या अवरक्तात उजेड दिसतो, आणि त्याचा रंग ताऱ्यापासूनच्या अंतराबरोबर बदलत नाही, हे क्रिस सेलग्रेन यांनी 1984 मध्ये दाखवलं. त्यावरून ही कल्पना पक्की झाली. एनजीसी 2023 त्या तीन मेघांपैकी एक होता.

पीएएच नीट बघायचं तर स्पिट्झर दुर्बिणीचे वर्णपट उघडा, तेही आयआरएसएवर आहेत. वर सांगितलेल्या तरंगलांब्यांवर कंगोरे शोधा. 17.4 आणि 18.9 मायक्रॉनला आणखी दोन कंगोरे सापडले तर ते साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूचे, सी60 चे, असतील. 2010 मध्ये याच मेघात त्याची नोंद झाली आहे. 9.7 मायक्रॉनला खळगा दिसला तर ते सिलिकेट : सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधाची थरथर. बुलढाणा-अकोल्याकडचा काळा दगड हाही सिलिकेटच, तोच बंध त्यातही. फक्त आपल्या दगडातले अणू रचून बसलेत, आकाशातल्या धुळीत ते बहुतांशी विस्कटलेले आहेत.

तापमान हवं असेल तर मोठ्या कणांकडे जा, म्हणजे हर्शेलच्या 160 आणि 250 मायक्रॉनकडे. हर्शेलने (2009 ते 2013) हा सगळा परिसर टिपला आहे. आकडेमोडीपेक्षा इथं तयारीत जास्त वेळ जातो, आणि गेलाच पाहिजे.

पहिली तयारी एककांची. 160 च्या नकाशात किंमत जान्स्की (प्रवाहाचं एकक) प्रति पिक्सेल असते, 250 च्या विस्तृत-स्रोत नकाशात मेगाजान्स्की प्रति स्टेरॅडियन (आकाशातल्या क्षेत्राचं एकक). पिक्सेल 3.2 विकलांचा असेल तर पहिल्याला सुमारे 4155 ने गुणलं की दुसऱ्याचं एकक होतं. पिक्सेलचा आकार फाइलच्या शीर्षात असतो, तो पाहूनच आकडा ठरवा, माझा उचलू नका. दुसरी तयारी धूसरपणाची. 160 ला दुर्बीण 12-13 विकलांपर्यंतचं वेगळं दाखवते, 250 ला 18 पर्यंतचंच. म्हणून 160 चा नकाशा 13 विकला रुंदीच्या गाऊसियनने (घंटेच्या आकाराच्या वक्राने) मुद्दाम धूसर करा. तसं केलं नाही तर तेजस्वी कडांवर खोटं तापमान येतं, आणि ते इतकं सुबक दिसतं की खरं वाटतं. तिसरी तयारी पार्श्वभूमीची : मेघाच्या बाहेरची रिकामी जागा निवडून तिथली सरासरी दोन्ही नकाशांतून वजा करा. हा परिसर ढगांनी भरलेला आहे, पूर्ण रिकामी जागा सापडणार नाही. दोन-तीन जागा वापरून उत्तर किती हलतं ते लिहून ठेवा, तीच तुमची त्रुटी.

मग 160 भागिले 250 हे गुणोत्तर काढा. धुळीचा उत्सर्जन घातांक (तरंगलांबी वाढेल तशी धुळीची प्रकाश टाकण्याची क्षमता किती झपाट्याने घटते ते सांगणारा आकडा) 1.8 धरला तर हे गुणोत्तर 15 केल्विनला 0.97, 20 ला 1.6, 30 ला 2.6 आणि 40 ला 3.2 येतं. चाळिशीच्या पुढं ते फारसं वाढत नाही, म्हणून ताऱ्याच्या अगदी जवळ या जोडीवर भरवसा ठेवू नका, तिथं 70 मायक्रॉन घ्या. ताऱ्याजवळ जास्त आणि ढगात आत जाल तसं कमी, असा नकाशा मिळाला पाहिजे. सुरुवातीला वहीत टिपलेलं सरकणं इथं समजतं : लांब तरंगलांबीला थंड धूळ उजळ दिसते आणि ती ताऱ्यापासून दूर आहे.

वस्तुमानही काढता येतं : एखाद्या भागातल्या एकूण प्रवाहाला अंतराच्या वर्गाने (अंतर सुमारे 400 पार्सेक, म्हणजे 1300 प्रकाशवर्षं) गुणा, मग अपारदर्शकतेच्या गुणांकाने आणि वर काढलेल्या तापमानाच्या प्लांक सूत्रातल्या किंमतीने भागा. गुणांकासाठी हिल्डेब्रँड यांची 1983 ची किंमत, 300 मायक्रॉनला दर ग्रॅमला 0.1 चौरस सेंटिमीटर, प्रचलित आहे. तिच्यात वायू आणि धुळीचं शंभरास एक हे प्रमाण धरलेलं असतं. या गुणांकातच दुपटीचा घोळ असू शकतो. त्यामुळे वस्तुमानाचं उत्तर दशांशापर्यंत लिहिणाऱ्याचं मला हसू येतं.

ताळा

ताऱ्याची एकूण ऊर्जा सूर्याच्या काही हजार पट. वाइजपासून हर्शेलपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांतला प्रवाह जोडून अवरक्तातली एकूण ऊर्जा काढा आणि शेजारी मांडा. आपल्या नजरेच्या रेषेवर अतिनीलचा इतका मोठा वाटा गडप होतो की अवरक्तात जवळजवळ सगळं परत यावं असं वाटतं. तसं येणार नाही. याची दोन कारणं. एक, विलोपनात गिळलेला आणि बाजूला उडवलेला असा दोन्ही प्रकाश असतो. उडवलेला धुळीला तापवत नाही, तोच दृश्य प्रकाशात निळा ढग म्हणून दिसतो. दुसरं, तारा सगळीकडून वेढलेला नाही. तो एल1630 या मोठ्या ढगाच्या कडेला एका पोकळीत आहे, त्याच्या काही दिशा मोकळ्या आहेत. म्हणून अवरक्त ऊर्जा भागिले ताऱ्याची ऊर्जा हा आकडा चूक म्हणून खोडू नका. ताऱ्याच्या भोवतालचा किती भाग धुळीने झाकला आहे, याचा तो अंदाज आहे.

एवढं झालं की दुसरा मेघ घ्या. अतिनीलचं चित्र हवंच असेल तर ॲस्ट्रोसॅटवरच्या युव्हिट दुर्बिणीच्या नोंदी पाहा. हा भारतीय उपग्रह 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या नोंदी बंगळूरजवळच्या ब्यालालू इथल्या इस्रोच्या केंद्राच्या संग्रहात आहेत, नोंदणी करून मिळतात. एनजीसी 40 आणि एनजीसी 6302 या ग्रहीय तेजोमेघांभोवती (मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांभोवती) युव्हिटने दूरच्या अतिनीलमध्ये पसारा दाखवला आहे, सुरुवात तिथून करा. एनजीसी 7023 हाही लोकप्रिय आहे, विदर्भातून उत्तरेला 43 अंशांपर्यंत वर येतो आणि अवरक्तात त्याच्यावर भरपूर काम झालेलं आहे. पण त्याचा तारा एचडी 200775 अजून तरुण आहे, त्याच्या वर्णपटात स्वतःच्या उत्सर्जन रेषा आहेत. स्वच्छ जोडीदार शोधून तुलना करायची रीत तिथं चालत नाही. तो मेघ घेतलात तर अवरक्ताची बाजू आधी पुरी करा, आणि अतिनीलसाठी मेघाच्या मागे दिसणारा दुसरा एखादा बी वर्गाचा तारा सापडतो का ते सिम्बाडवर बघा.